हलणारं इंजिन आणि निळी ताडपत्री

माझ्या प्रोफाइलवर सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो आमच्या होडीचा आहे. हर्णैचा किनारा, संध्याकाळचं ऊन, पांढऱ्याशुभ्र होडीवर ताजा निळा पट्टा, मागे सुवर्णदुर्ग. अजूनही लोक मेसेज करतात, 'भावा, बोट कसली चकाचक केलीस, आम्हालाही सांग.'

म्हणून आज सांगतो. तो फोटो काढला त्या दिवशी त्या होडीत इंजिनखालचं लाकूड स्क्रू ड्रायव्हरने केकसारखं उकरता येत होतं. आणि हे मला माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं.

आधी होडीबद्दल थोडं. बावीस फुटांची आहे. आजोबांनी 1987 साली बांधून घेतली. फळ्या सागाच्या, आतल्या बरगड्या ऐनाच्या. तेव्हा ती शिडाची होती. इंजिन नंतर बसवलं, सात-आठ वर्षांनी, दोन सिलिंडरचं डिझेल. ही 'नंतर' गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आजोबांनंतर काकांनी चालवली. मग काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि होडी वर ओढून ठेवली ती तीन वर्षं तशीच.

मी तेव्हा पुण्यात. दर पावसाळ्याआधी फोनवर काका म्हणायचे, "अरे, होडी शाकारायला माणूस मिळत नाही." आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या वर घेऊन माडाच्या झापांनी शाकारतात, म्हणजे झापांचं छप्परच करतात. पहिल्या वर्षी काकांनी कसंबसं केलं. दुसऱ्या वर्षी मी हुशारी केली. फोन उघडला, चांगली जाड निळी ताडपत्री मागवली, घरपोच. सुट्टीत जाऊन होडीभोवती गच्च आवळून बांधली, वारा शिरायला फट ठेवली नाही. वर काकांना म्हटलं, "आता टेन्शन नाही, थेंब आत जाणार नाही."

थेंब नाहीच गेला आत. पण आत जो ओलावा होता तो बाहेरही नाही गेला.

हे मला फार नंतर कळलं, पण आत्ताच सांगून टाकतो. लाकूड कुजतं ते बुरशीमुळे. त्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, हवा लागते आणि ऊब लागते. कोरडं लाकूड कुजत नाही. पूर्ण पाण्याखाली बुडालेलंही अशा बुरशीने कुजत नाही, कारण तिथे तिला हवा मिळत नाही. कुजतं ते मधलं, ना धड ओलं ना धड कोरडं. आणि आपल्याला वाटतं समुद्राचं खारं पाणी लाकडाचा शत्रू. त्यात पोखरणारे प्राणी असतात हे खरं, पण कुजण्यापुरतं बोलायचं तर मीठ उलट बुरशीला आवरतं. अमेरिकेत जुन्या लाकडी जहाजांच्या बरगड्यांच्या मधे मुद्दाम मीठ भरून ठेवायचे. होडीला खरं खातं ते पावसाचं गोडं पाणी, कोपऱ्यात साचून राहिलेलं. झापांच्या शाकारणीतून वारा खेळतो, त्यामुळे दोन थेंब आत आले तरी वाळून जातात. माझ्या ताडपत्रीखाली दोन पावसाळे मस्त गरम वाफ कोंडली. बुरशीसाठी मी एसी खोलीच बुक केली होती म्हणा ना. एसी नव्हे, उलटं. पण कळलं तुम्हाला.

तिसऱ्या वर्षी माझं काम घरून सुरू झालं आणि मी हर्णैला आलो. ठरवलं की होडी पुन्हा पाण्यात घालायची. काका वरवर म्हणाले, "कशाला खर्चात पडतोस?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तेच किनाऱ्यावर जाऊन बसले होते.

इंजिन चालू व्हायला फार त्रास झाला नाही. डिझेल बदललं, फिल्टर बदलला, हवा काढली, दोन दिवसांत धडधडायला लागलं. पण हलत होतं. म्हणजे डिझेल इंजिन हलतंच, पण हे उड्या मारत होतं. वेग वाढवला की अख्खी होडी दात वाजवल्यासारखी वाजायची.

आता माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो? व्हिडिओ बघतो. व्हिडिओत सांगितलं होतं, इंजिनच्या चार पायांखालचे रबर गेले असतील. बरोबर आहे, रबर जातात. ते इंजिनचा हादरा पोटात घेतात आणि वर्षानुवर्षं तेल पिऊन फुगतात, नाहीतर कडक होतात. मी चारही नवे आणले, नऊ हजार रुपये. बसवले. हादरा थोडा कमी झाला, चार दिवस. मग पुन्हा तेच. पुन्हा बोल्ट आवळायला गेलो तर मागचा डावा बोल्ट आवळतच नव्हता. पाना फिरवला की नुसता गरागरा फिरायचा. तिथे मला पहिल्यांदा शंका आली. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बोल्टच्या बाजूला लाकडात टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

वास आला बघा. पावसात पडून राहिलेला ओंडका उलटा केल्यावर येतो तसा. तपकिरी भुगा आणि लाकडात छोटे छोटे चौकोनी तडे. लोखंडी बोल्टच्या भोवतीचं लाकूड तर काळं पडून भुसभुशीत झालं होतं. लोखंड गंजतं तसं आजूबाजूच्या लाकडालाही नासवत जातं. म्हणजे रबर निर्दोष होते, इंजिन निर्दोष होतं. इंजिनला धरून ठेवायला खाली काही उरलंच नव्हतं.

या क्षणी शहाणा माणूस थांबला असता. मी काय केलं, सांगू? त्या भोकात आगपेटीच्या काड्या आणि एपॉक्सी भरली. आजूबाजूला लांबी भरून घासून गुळगुळीत केलं. बोल्ट घट्ट बसला. वर रंग मारला. मग एकदा रंगाचा डबा उघडलाच आहे म्हणून बाहेरूनही मारला. आणि फोटो काढला.

काकांना का नाही सांगितलं? मला वाटतं, सांगितलं असतं तर ताडपत्रीचा विषय निघाला असता. खरं कारण इतकंच. आणि दुसरं, त्यांनी होडी बघून मला म्हटलं होतं, "आजोबांच्या वेळी अशी दिसायची." ते वाक्य परत द्यायची माझी तयारी नव्हती.

फोटोनंतर अकराव्या दिवशी आम्ही दोघं बाहेर गेलो. ऑक्टोबर होता, समुद्र तळ्यासारखा. सुवर्णदुर्गाच्या पलीकडे गेलो, जाळं टाकलं, थोडी मासळी मिळाली. परत येताना काका म्हणाले, "वाढव जरा." मी वेग वाढवला. आधी एक वेगळाच आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. मग मागचे दोन्ही बोल्ट लाकडासकट उपटून आले आणि इंजिन एका अंगावर कललं.

इंजिनमधून मागे पंख्याकडे जातो तो शाफ्ट. तो होडीच्या पोटातून एका नळीतून बाहेर पडतो, आणि पाणी आत येऊ नये म्हणून नळीच्या आतल्या तोंडाशी ग्लँड असते, दोरीसारखं पॅकिंग भरलेली. इंजिन कललं तसा शाफ्ट वाकडा फिरला आणि ती ग्लँड त्याने उखडून टाकली. नळीतून मनगटाएवढं पाणी आत यायला लागलं.

"बंद कर!" काका ओरडले. मी इंजिन बंद केलं. त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. काकांनी काय केलं ते आठवतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर ते त्या पाण्यात बसले, खांद्यावरचा पंचा काढला, ग्रीसच्या डब्यात बुचकळला, शाफ्टभोवती गुंडाळून नळीच्या तोंडात कोंबला आणि वरून दोरीने करकचून बांधला. पाणी थांबलं नाही, पण मनगटाचं करंगळीएवढं झालं. मग डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उपस." लाइफ जॅकेट एकच होतं. ते डिझेलच्या कॅनखाली होतं, कॅन हलू नये म्हणून.

फोनला रेंज होती. बंदरातून एक ओळखीची बोट आली, तिने ओढून आणलं. साधारण पाऊण तास लागला. मी अजून कुठल्याच पाऊण तासात इतका उपसा केलेला नाही.

किनाऱ्यावर आल्यावर काका खाली वाकले. उपटलेल्या बोल्टला चिकटून लाकडाचा गोळा आला होता. तो त्यांनी हातात घेतला, चुरगळला. आत काड्या दिसल्या. आगपेटीच्या, काहींना गूलही तसाच.

ते काही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आमच्याकडे शिव्यांनी प्रकरण मिटतं. ते गोळा खिशात घालून घरी गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मला पोहता येतं, पण आता कितीसं येणार? तुला सांगायचं होतंस. मी आलो असतो की नसतो, ते मी ठरवलं असतं."

पुढचे दोन आठवडे होडी तशीच पडून होती. भंगारवाला इंजिन बघून गेला. मी काकांना विचारलं, "काढून टाकूया का?" ते म्हणाले, "मेस्तरींना दाखव. ते म्हणाले जळणाला द्या, तर देऊ."

मेस्तरी सत्तरीचे. त्यांनी आणलेली यंत्रसामग्री म्हणजे एक छोटी हातोडी आणि एक टोचा. होडीभोवती फिरत हातोडीने ठोकत गेले. टण, टण, टण, टण, भद. भद आलं की खडूने फुली. एक तासाने होडीवर एकूण एकोणीस फुल्या होत्या. मी मनात जळणाचा भाव काढत होतो. मेस्तरी म्हणाले, "पठाण चांगला आहे." पठाण म्हणजे होडीच्या तळाचा कणा. "बाहेरच्या फळ्यांपैकी दोन बदलायच्या. तीन बरगड्या. आणि इंजिनची बैठक पूर्ण. बाकी होडी तुझ्यापेक्षा जास्त जगेल."

एकोणीस फुल्यांपैकी चौदा त्या बैठकीभोवती होत्या. याचं कारण त्यांनी दाखवलं तेव्हा त्या 'नंतर'चा अर्थ कळला. होडी शिडाची म्हणून बांधली होती. इंजिन नंतर आलं तेव्हा कुणीतरी दोन आखूड ठोकळे बरगड्यांवर ठोकून त्यावर इंजिन ठेवलं. दोन-अडीचशे किलोचं धूड, त्याचा हादरा, वर पंख्याचा रेटा, सगळं जेमतेम दोन बरगड्यांवर. ठोकळ्यांच्या मागे पाणी साचायला छान खोबण, तिथून पाणी वाहून जायला वाटच ठेवली नव्हती. म्हणजे कुजायची जागा तीस वर्षं तयार होती. ताडपत्रीने फक्त घाई केली. हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं असेल! मी लगेच काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "काड्या तीस वर्षांपूर्वी नव्हत्या." बरोबरच होतं.

मग काम. वासे तिरपे बांधून तिकाटणं केलं, चेनकप्पीने इंजिन उचलून बाहेर काढलं. कुजलेलं लाकूड कापताना मी फुलीपाशी थांबलो. मेस्तरी म्हणाले, "अजून." कुज डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे लाकडात शिरलेली असते, म्हणून चांगलं लाकूड लागल्यावरही वीतभर पुढे कापायचं. जीवावर येतं हो. चांगलं सागाचं लाकूड कापून टाकताना माझा हात थरथरत होता.

बरगड्या पूर्ण उपटायच्या म्हणजे होडीचा आकारच सुटायची भीती. म्हणून एका वेळी एकच काढायची, आणि जिथे अर्धी बरी होती तिथे तिच्या शेजारी नवी जोड-बरगडी घालायची. फळ्यांना जोड देताना काटकोनात कापून समोरासमोर नाही ठेवायच्या, तिरक्या तासून एकमेकींवर बसवायच्या. 1 इंच जाडीला 8 इंच तिरकस. मी म्हटलं, सरळ कापलं तर लाकूड वाचेल. मेस्तरींनी उत्तर दिलं नाही, दुसरा तुकडा पुढे केला.

मी फायबरचं विचारलं होतं. व्हिडिओत सगळे करतात, वरून फायबर ग्लास चढवून टाकायचं. मेस्तरींनी विचारलं, "आतलं लाकूड ओलं असेल तर?" आणि मला पुन्हा ताडपत्री आठवली. फायबर वाईट नाही. आमच्या बंदरात फायबरच्या बोटी रांगेत उभ्या आहेत, आणि लाकडाच्या भावात बघाल तर लोकांनी योग्यच केलंय. पण ओल्या, जुन्या लाकडावर ते चढवणं म्हणजे पुन्हा गच्च बांधणं.

आता ज्यांना फक्त इंजिनच्या बैठकीत रस आहे त्यांच्यासाठी हा भाग.

नवी बैठक म्हणजे सागाची दोन लांब तुळयांसारखी लाकडं. आधीची अडीच फूट होती, ही सात फूट. सात फूट लांबी म्हणजे भार दोनऐवजी सहा बरगड्यांवर. प्रत्येक बरगडीजवळ खाली एक छोटी खाच, पाणी वाहून मागे जायला. वर लोखंडी अँगल, आणि बोल्ट लाकडात वरून घुसवलेले नाहीत, तर आडवे, आरपार, दुसऱ्या बाजूला मोठा वॉशर आणि नट. लाकडात वरून मारलेला स्क्रू फक्त लाकडाच्या भरवशावर असतो. आरपार बोल्ट नटाच्या भरवशावर असतो, आणि नट आपल्याला दिसतो.

पण ही लाकडं नेमकी कुठल्या उंचीवर बसवायची? मला वाटलं यासाठी लेझर वगैरे लागेल. काका उठले, जाळ्याच्या पेटाऱ्यातून तंगूस काढून आणला. शाफ्टच्या रिकाम्या नळीतून तो तंगूस बरोबर मधोमध ओवला आणि पुढे नाळेकडे ताणून बांधला. इंजिनचं मधलं टोक जिथे यायला हवं ती रेघ हवेत तयार. त्या तंगुसापासून खाली मोजत मोजत लाकडं तासली. काम सुरू झाल्यापासून काकांनी स्वतःहून हात घातला तो हा पहिला प्रसंग. मी काही बोललो नाही, तंगूस धरून उभा राहिलो.

इंजिनची तबकडी आणि शाफ्टची तबकडी समोरासमोर येऊन जुळतात त्याला कपलिंग म्हणतात. आमच्या तबकड्या 4 इंची. बोल्ट सोडून त्या फक्त टेकवायच्या आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजने फट मोजायची. सर्वसाधारण नियम असा की तबकडीच्या दर इंचाला फरक हजारांश इंचापेक्षा जास्त नको. म्हणजे आमच्याकडे चार हजारांश, म्हणजे 0.1 मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सचा एक कागद. अडीचशे किलोचं इंजिन एका कागदाइतकं सरकवायचं! कोपऱ्याखाली पितळेची पातळ पत्री घालायची, मोजायचं, काढायची, पुन्हा मोजायचं. एक अख्खा रविवार गेला. संध्याकाळी तीन हजारांश आलं आणि मी नाचलो.

मेस्तरी म्हणाले, "हे पाण्यात टिकणार नाही."

होडी जमिनीवर असते तेव्हा तिचा आकार वेगळा, पाण्यात वेगळा. शिवाय लाकूड पाणी पितं, फुगतं. म्हणूनच फळ्यांमधल्या फटींत आम्ही कापूस ठोकला, वर राळ आणि तेल. एपॉक्सी नाही. फट दगडासारखी भरून टाकली तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही, मग ती खिळे नाहीतर बरगडी तोडते. म्हणजे माझ्या काड्या-एपॉक्सीच्या डोक्याने बाहेरूनही काम केलं असतं तर होडी पाण्यात घातल्यावर स्वतःलाच फोडत बसली असती.

पाण्यात घातली तेव्हा ती गळली. सगळीकडून. मला सांगितलं होतं की गळणार, तरी पोटात गोळा आला. पंप लावला आणि रात्रभर आम्ही तिथेच बसलो, काका धक्क्यावर खुर्ची टाकून, मी होडीत. पहिल्या तासात दहा मिनिटांनी पंप सुरू करावा लागत होता. मध्यरात्री अर्ध्या तासाने. पहाटे काकांना डुलकी लागली, आणि मी घड्याळ बघितलं तर दीड तास पंप लावलेलाच नव्हता. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या होत्या.

तीन दिवसांनी पुन्हा कपलिंग मोजलं. तीनचं चौदा झालं होतं. पुन्हा पत्र्या, पुन्हा रविवार. यावेळी काका फिलर गेज धरून आणि मी पान्यावर. शेवटी साडेतीनवर थांबलो. इंजिन चालू केलं. हललं, पण जागेवर. बैठकीवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातला चहा थरथरला, सांडला नाही. ग्लँडमधून मिनिटाला तीन-चार थेंब पडत होते. ते बरोबर आहे, चालत्या शाफ्टला तेवढे थेंब हवेतच, त्याने पॅकिंग थंड राहतं.

एकूण खर्च 86 हजार, नऊ हजारांचे रबर धरून. ते रबर अजून तेच आहेत.

काका आता बरोबर येतात. पण निघायच्या आधी ते स्वतः खाली बसतात, हातोडीने बैठकीवर चार ठिकाणी ठोकतात, मग वर येतात. मी समोर असलो तरी, मी आदल्या दिवशी ठोकून पाहिलंय असं सांगितलं तरी. पहिल्यांदा वाईट वाटलं. आता मी हातोडी हाताशी काढून ठेवतो. लाइफ जॅकेट दोन आहेत आणि अंगावर असतात.

यंदा मे महिन्यात शाकारताना ताडपत्रीवरून वाद झालाच. झाप विणणारं माणूस शोधूनही मिळत नाही, हे काकांनाही मान्य करावं लागलं. मग बांबूचा सांगाडा केला, त्यावर मिळाले तेवढे झाप, त्यावर तीच निळी ताडपत्री छपरासारखी, होडीपासून हातभर उंच, दोन्ही टोकं सताड उघडी. वारा आरपार जातो. मधे एक मांजर राहायला आलंय.

शाकारायच्या आधी काकांनी एकदा सगळीकडे ठोकून पाहिलं. नाळेजवळ उजवीकडे तिसऱ्या फळीवर आवाज किंचित बदलतो. मला ऐकू येत नव्हता, त्यांनी माझा कान टेकवून ऐकवला. खडूने फुली केली आहे. नारळी पौर्णिमेनंतर उघडून बघू.